तांबडा-पांढरा, वायलेचा

आईला माझ्या गावाचं नाव सांगणं हा एक वेगळा कार्यक्रम असतो.

"कुठं असतोस म्हणालास आता?"

"वायले."

"वायला असतोस ते ठाऊक हाय की मला. गावाचं नाव सांग."

आमच्याकडं, म्हणजे कोल्हापूर भागात, वायलं म्हणजे वेगळं. भावाभावांत पटलं नाही की एक जण वायली चूल मांडतो. त्यामुळं पोरगा सात समुद्रांपलीकडं जाऊन 'वायले'त राहतोय, हा विनोद घरात चार वर्षं चालू आहे आणि अजून शिळा झालेला नाही. डॅनिशमध्ये या गावाच्या स्पेलिंगमध्ये मधेच एक 'ज' बसलेला असतो आणि तो कुणीही 'ज' असा उच्चारत नाही. एकूणच डॅनिश लोक लिहितात त्यातलं निम्मं गिळतात, हे इथं आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कळतं.

वायले हे युटलंडच्या, म्हणजे डेन्मार्कच्या मुख्य द्वीपकल्पाच्या, पूर्व किनाऱ्यावरचं, फ्योर्डच्या, म्हणजे आत शिरलेल्या खाडीच्या, टोकाशी वसलेलं गाव. डेन्मार्क म्हणजे परातीसारखा सपाट देश, पण वायले त्याला अपवाद. इथं टेकड्या आहेत, चढ आहेत. त्यांना कौतुकानं 'डोंगर' म्हणतात तेव्हा पन्हाळ्याच्या माणसानं गप्प बसायचं असतं. पूर्वी इथं इतक्या सूतगिरण्या होत्या की गावाला 'उत्तरेचं मँचेस्टर' म्हणायचे. आईचं माहेर इचलकरंजी, म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर. हे सांगितल्यावर मात्र तिला गाव एकदम जवळचं वाटायला लागलं. "मग लूम चालतात का अजून?" नाही चालत. गिरण्या बंद पडल्या, एका जुन्या गिरणीत आता संग्रहालय आणि कार्यक्रमांची दालनं आहेत.

आणि गावाच्या फुटबॉल क्लबचे रंग आहेत तांबडा आणि पांढरा. कोल्हापूरच्या माणसाला यापेक्षा आणखी काय पाहिजे?

*

मी पवनचक्क्यांच्या कामावर इथं आलो. बायको, आठ वर्षांची लेक आणि मी. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. इथं आजोबा, काका, साहेब असलं काही नसतं. शाळेतली पोरंसुद्धा मुख्याध्यापकांना नावानं आणि एकेरीत हाक मारतात. मीही त्यांना तोंडावर नावानंच हाक मारतो, पण मनातल्या मनात ते आजोबाच. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गावातल्या च्युइंगगमच्या कारखान्यात काढली. स्टिमोरोल नावाचं च्युइंगगम जगभर गेलं ते याच गावातून.

ओळख झाली ती चेंडूमुळं. लेकीनं मारलेला चेंडू कुंपणाच्या झुडपावरून पलीकडं गेला. मी माफी मागायला डोकावलो तर आजोबांनी चेंडू हातानं उचललाच नाही. पायाच्या आतल्या बाजूनं, हळूच, बरोब्बर फटीतून परत पाठवला. ते बघूनच समजलं, माणूस खेळलेला आहे.

मी म्हटलं, मी भारतातल्या अशा गावातून आलोय जिथं क्रिकेटइतकंच फुटबॉलचं वेड आहे. त्यांचा विश्वास बसेना. मग मी त्यांना सगळं सांगत बसलो. पेठा, तालमी, कुस्तीच्या तालमींतूनच उभे राहिलेले फुटबॉल संघ, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, शाहू स्टेडियम, सामन्याच्या दिवशी दुपारपासून रस्त्यावर फिरणाऱ्या बिनसायलेन्सरच्या गाड्या. वर्ल्डकपच्या वर्षी पेठेत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि दोन गल्ल्या आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत, हेही सांगितलं. आजोबा खूश झाले. त्यांनी विचारलं, "मग आमच्यातला कोण माहीत आहे तुला?"

मी पाहुण्यानं करावी तशी गोड खुशामत केली. म्हटलं, "लाउड्रुप."

आजोबांचा चेहरा पडला. पाटाकडीलच्या कट्ट्यावर बसून दिलबहारचं कौतुक केल्यावर पडेल तसा.

"तो कोपनहेगनचा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "सिमोनसन ऐकलंयस?"

नव्हतं ऐकलं. आणि खरं सांगतो, लाज वाटली. तेव्हा युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जायचा तो बॅलन डी'ओर १९७७ साली ज्याला मिळाला, तो मान मिळालेला आजवरचा एकमेव डॅनिश खेळाडू, आमच्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटांच्या मैदानावर खेळून मोठा झाला होता. आणि मी चार वर्षं त्या मैदानावरून कामाला जात-येत होतो.

*

पुढचे काही महिने मला सिमोनसनचा नादच लागला. वाचनालयातली जुनी पुस्तकं (माझ्या तोडक्यामोडक्या डॅनिशमध्ये), यूट्यूबवरच्या धूसर चित्रफिती आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आजोबांची कॉफी.

अॅलन सिमोनसन. जन्म १५ डिसेंबर १९५२, वायले. उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. डेन्मार्कमध्ये या उंचीला बस थांब्यावर समोरचं काही दिसत नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो. अशा उंचीचा फॉरवर्ड जर्मन बचावपटूंच्या मधून कसा निघत असेल ते चित्रफितीत बघण्यासारखं आहे. तो त्यांच्या अंगाला लागायचाच नाही. चेंडू पायाशी इतका जवळ की समोरच्यानं पाय टाकेपर्यंत हा पलीकडं गेलेला असायचा.

त्याच्या काळात डॅनिश फुटबॉलमध्ये एक नियम होता, जो समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. देशांतर्गत फुटबॉल पूर्ण हौशी. खेळाडूला पगार द्यायचा नाही. हे १९७८ पर्यंत चाललं. ज्याला खेळावर पोट भरायचं असेल त्यानं देश सोडायचा. आणि १९७१ पर्यंत तर शिक्षा म्हणावी असा आणखी एक नियम होता, परदेशात जाऊन पैसे घेऊन खेळलात की राष्ट्रीय संघाचं दार बंद. हाराल्ड नीलसन नावाचा एक जबरदस्त फॉरवर्ड होता. डेन्मार्ककडून १४ सामन्यांत १५ गोल. इटलीत बोलोन्याकडून खेळायला गेला, १९६३ आणि १९६४ अशी लागोपाठ दोन वर्षं इटालियन लीगच्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव वर होतं, १९६४ ला बोलोन्या विजेता झाला. पण डेन्मार्कच्या शर्टात तो पुन्हा कधी दिसला नाही. परदेशी गेला म्हणून घरातून वजा. आपल्याकडं समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावं लागायचं त्या काळाची आठवण झाली. फक्त इथं प्रायश्चित्ताचीही सोय नव्हती.

सिमोनसनच्या नशिबानं तो नियम नेमका वेळेवर गेला. १९७१ आणि १९७२ अशी दोन वर्षं वायले क्लब डेन्मार्कचा विजेता ठरला, १९७२ ला चषकही जिंकला. त्या संघात हा विशीच्या आतला पोरगा होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो डेन्मार्ककडून खेळला आणि त्याच वर्षी पश्चिम जर्मनीतल्या बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाख या क्लबात दाखल झाला. या नावाचा उच्चार जमला की तुम्हाला युरोपात कुठंही नोकरी मिळायला हरकत नाही. आपण पुढं नुसतं ग्लाडबाख म्हणू.

त्याच्या आधी वायलेचाच उलरिक ल फेव्र तिथं होता, त्यामुळं वाट मळलेली होती. पण सुरुवातीची दोन वर्षं सिमोनसनला फारसं खेळायलाच मिळालं नाही. बाकावर बसून काढली. आजोबा सांगतात, गावात तेव्हा कुजबुज होती, "बारका आहे, जर्मनीत नाही टिकायचा." ही कुजबुज मला ओळखीची वाटली. पहिल्या हिवाळ्यात माझ्याबद्दल आमच्या गल्लीत हेच चाललं होतं, फक्त मुद्दा उंचीचा नव्हता, थंडीचा होता.

१९७४-७५ च्या मोसमात गाडी सुटली. त्या मोसमात त्यानं लीगमध्ये १८ गोल केले, ग्लाडबाख जर्मनीचा विजेता झाला. तिथून लागोपाठ तीन वर्षं, १९७५, १९७६, १९७७, विजेतेपद त्यांच्याकडंच. त्याच १९७५ ला युरोपातल्या क्लबांच्या यूएफा चषकाच्या अंतिम फेरीत हॉलंडच्या ट्वेन्टेला त्यांच्याच मैदानात ५-१ असं धुतलं. त्यातले तीन गोल युप हाइन्केसचे, दोन सिमोनसनचे.

*

मी आजोबांना विचारलं, त्याचा तुमचा आवडता गोल कुठला? ते म्हणाले, "रोम." दुसरा विचारही केला नाही.

२५ मे १९७७, रोम, युरोपियन चषकाचा अंतिम सामना. ग्लाडबाख विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूल १-० नं पुढं. उत्तरार्ध नुकताच सुरू झालाय. लिव्हरपूलच्या जिमी केसचा एक पास भरकटतो, सिमोनसन तो उचलतो, डावीकडून गोलक्षेत्रात शिरतो आणि डाव्या पायानं असा काही फटका मारतो की चेंडू पार वरच्या कोपऱ्यात. गोलरक्षक क्लेमन्सला फक्त मान वळवून बघायचंच काम उरतं. मी ती चित्रफीत किमान चाळीसदा पाहिली असेल. दरवेळी मला वाटतं की फटका मारायच्या आधी तो अजून एक पाऊल टाकेल, आणि तो टाकत नाही.

सामना ग्लाडबाख हरलं, ३-१. लिव्हरपूलचा तिसरा गोल फिल नील नावाच्या बचावपटूनं पेनल्टीवर केला. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

त्या वर्षअखेरीस बॅलन डी'ओरची मतं मोजली. युरोपातल्या देशोदेशीचे क्रीडा पत्रकार मतं द्यायचे. सिमोनसन ७४, केव्हिन कीगन ७१, मिशेल प्लातिनी ७०. आमच्याकडच्या ग्रामपंचायत निवडणुकीसारखा निकाल, दोन-तीन मतं इकडची तिकडं झाली असती तर वेगळीच मिरवणूक निघाली असती. आजोबांना विचारलं, गावात मिरवणूक निघाली का? ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, कोल्हापुरात गुलालानं रस्ते दिसले नसते. त्यांना गुलाल म्हणजे काय ते समजावताना अर्धा तास गेला.

*

१९७९ ला ग्लाडबाखला पुन्हा यूएफा चषक मिळाला, रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध निर्णायक पेनल्टी सिमोनसननंच मारली. आणि तो बार्सिलोनाला गेला.

बार्सिलोनातली तीन वर्षं वाचताना मला सतत वाटत राहिलं, की हे फुटबॉल आहे की मराठी मालिका? १९८१ च्या मार्चमध्ये त्यांचा मुख्य गोल करणारा खेळाडू किनी याचं चक्क अपहरण झालं. २५ दिवस डांबून ठेवला होता. सुटून आला, पुन्हा खेळायला लागला. आणि १२ मे १९८२ ला चषकविजेत्यांच्या चषकाचा अंतिम सामना, तोही बार्सिलोनाच्या घरच्या मैदानावर, कँप नोउवर. समोर बेल्जियमचा स्टँडर्ड लिएज. पाहुणे पहिल्या दहा मिनिटांतच पुढं. मध्यंतर व्हायला काही क्षण असताना बरोबरीचा गोल केला सिमोनसननं, आणि तोही डोक्यानं! पाच फूट पाच इंचांच्या माणसानं. उत्तरार्धात किनीनं दुसरा मारला, २-१.

हा गोल महत्त्वाचा अशासाठी, की त्या काळी युरोपात क्लबांच्या तीन मोठ्या स्पर्धा होत्या, युरोपियन चषक, चषकविजेत्यांचा चषक आणि यूएफा चषक. या तिन्हींच्या अंतिम सामन्यांत गोल करणारा एकच खेळाडू आहे. आता चषकविजेत्यांची ती स्पर्धाच बंद झाली आहे, त्यामुळं हा विक्रम मोडायलाही कुणी जाऊ शकत नाही. हे मला आजोबांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मीच वाक्य पूर्ण केलं.

आणि त्यानंतर जेमतेम काही आठवड्यांत बार्सिलोनानं मॅराडोनाला घेतलं.

स्पेनमध्ये तेव्हा एका वेळी दोनच परदेशी खेळाडू उतरवता यायचे. एक जर्मन बेर्न्ड शुस्टर आधीच होता. दुसरा आता मॅराडोना. म्हणजे तिसऱ्यानं बाकावर बसायचं. गंमत बघा, बार्सिलोनाचा त्या वेळचा प्रशिक्षक उडो लाटेक, तोच माणूस ज्याच्या हाताखाली हा ग्लाडबाखला युरोपातला सर्वोत्तम ठरला होता. ओळख, जुनं नातं, सगळं होतं. पण जागा दोनच होत्या. एकविसावं बोट कुठं घालायचं?

*

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. आणि आपल्याकडच्या लोकांना सांगितला की सगळ्यात कमी पटतो.

बॅलन डी'ओर मिळवलेला, वयाच्या तिशीच्या उंबऱ्यावरचा, अजून तसाच चपळ असलेला फॉरवर्ड कुठं जाईल? मोठे क्लब विचारत होते. तो गेला चार्लटन अॅथलेटिकला. लंडनच्या आग्नेय कोपऱ्यातला हा क्लब तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता, तिथंही काही फार वर नव्हता, आणि खिसा फाटका होता. १९८२ च्या हिवाळ्यात, सुमारे तीन लाख पाउंडांना. कारण त्यानं सांगितलं ते एवढंच की, मला ताणाशिवाय खेळायचंय.

कल्पना करा. कँप नोउवर चषक उंचावलेला माणूस सहा महिन्यांनी चिखलाच्या मैदानावर, निम्म्या रिकाम्या लाकडी बाकांसमोर. १६ सामने खेळला, ९ गोल केले. मग क्लबला त्याचे पैसे परवडेनात, आणि १९८३ मध्ये तो परत आला. वायलेला. जिथून अकरा वर्षांपूर्वी गेला होता, त्याच क्लबात.

मी आजोबांना विचारलं, "मग लोक काय म्हणाले?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे, एवढं मोठं होऊन परत आला. बार्सिलोनातून इथं."

आजोबा जरा विचारात पडले. प्रश्नच कळला नव्हता बहुधा. मग म्हणाले, "म्हणाले, बरं झालं आला. उजव्या बाजूला माणूस कमी होता."

आमच्या पेठेत असं कुणी दुबईहून, अमेरिकेहून सामान घेऊन कायमचा परतला की चहाच्या गाड्यावर दुसऱ्याच दिवशी चर्चा सुरू होते. नोकरी गेली असणार. व्हिसाचं काहीतरी असणार. बायकोशी काहीतरी असणार. 'स्वतःहून आला' हे उत्तर कुणी धरतच नाही. माझा एक मित्र सात वर्षांनी परत आला, त्यानं शेवटी वैतागून नोकरी गेल्याचंच सांगायला सुरुवात केली, कारण त्यावर पुढचे प्रश्न येत नव्हते.

आणि हा 'परत आलेला' सिमोनसन त्या वर्षी काय करत होता बघा. २१ सप्टेंबर १९८३, वेम्बली. इंग्लंड विरुद्ध डेन्मार्क, युरो पात्रता. इंग्लंडच्या गोलक्षेत्रात चेंडू एका बचावपटूच्या हाताला लागतो. कोण? फिल नील! सहा वर्षांपूर्वी रोममध्ये शेवटची पेनल्टी मारणारा. आता पेनल्टी डेन्मार्कला, आणि मारायला सिमोनसन. ०-१. इंग्लंड स्वतःच्या अंगणात हरलं आणि पुढं पात्रच ठरलं नाही, डेन्मार्क ठरलं. तोवर सेप पिओंटेक या जर्मन प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ जमून आला होता, एल्केअर, लेर्बी, कोवळा लाउड्रुप (घ्या, आलाच तो शेवटी), पण त्या रात्रीचा गोल डॅनिश लीगमध्ये खेळणाऱ्या, वायलेच्या माणसाचा होता.

वर्षअखेर पुन्हा बॅलन डी'ओरची मतं. प्लातिनी पहिला, ११० मतं, त्याच्या जवळपासही कुणी नाही. दुसरा लिव्हरपूलचा डाल्गलिश, २६. तिसरा, २५ मतांनी, सिमोनसन. क्लबाच्या रकान्यात लिहिलं होतं 'वायले'. युव्हेंटस, लिव्हरपूल, वायले. हा तक्ता मी छापून फ्रिजवर लावलाय. बायकोनं त्याच्यावर दुधाचा हिशोब लिहिला, तो भाग वेगळा.

*

पुढचं थोडक्यात, कारण दुःखाचं आहे. १२ जून १९८४, पॅरिस, युरोचा पहिलाच सामना यजमान फ्रान्सशी. पूर्वार्धातच फ्रान्सच्या ल रूशी टक्कर झाली आणि सिमोनसनचा पाय मोडला. आजोबा म्हणतात, टीव्हीवर आवाज ऐकू आला की नाही ठाऊक नाही, पण आम्हाला आला. डेन्मार्क त्याच्याशिवाय उपांत्य फेरीपर्यंत गेलं आणि स्पेनकडून पेनल्ट्यांवर हरलं. त्याच वर्षी वायले क्लब पुन्हा विजेता झाला, हेही जाता जाता. आजवरचं ते त्यांचं शेवटचं विजेतेपद.

पाय जुळला, पण ती पहिली चपळाई आली नाही असं सगळेच म्हणतात. १९८६ च्या वर्ल्डकपला मेक्सिकोत तो गेला, पश्चिम जर्मनीला हरवलं त्या सामन्यात राखीव म्हणून उतरला. डेन्मार्ककडून एकूण ५५ सामने, २० गोल. १९८९ पर्यंत वायलेकडून खेळत राहिला. नंतर प्रशिक्षक झाला, आधी वायलेचा, मग १९९४ पासून फेरो बेटांचा. फेरो बेटं म्हणजे उत्तर अटलांटिकमधले खडक, तेव्हाची वस्ती जेमतेम ४५ हजार, आमच्या एका पेठेत मावेल एवढी. १९९९ मध्ये याच संघानं स्कॉटलंडला १-१ असं रोखलं होतं. त्यानंतर तो लक्झेंबर्गला गेला. म्हणजे निवृत्तीनंतरही त्यानं निवडले ते असेच संघ, जिथं बहुतेक वेळा हरायचंच असतं. त्यात मला त्याचा चार्लटनवाला स्वभाव दिसतो. आजोबांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, "दुसरीकडून बोलावणं आलं नसेल." डॅनिश लोक कुणालाच फार वेळ देव्हाऱ्यात बसू देत नाहीत.

*

वायलेचं स्टेडियम न्योरेस्कोव्ह नावाच्या जंगलाच्या कडेला आहे. बीच जातीची उंच झाडं, आणि त्यांच्या पायथ्याशी मैदान. २००८ मध्ये नवं बांधलं, दहा-अकरा हजार माणसं मावतात. शाहू स्टेडियममध्ये याहून जास्त बसतात, हे मी आजोबांना मुद्दाम सांगितलं. मे महिन्यात झाडांना पहिली पालवी फुटते तेव्हा तो हिरवा रंग आणि खाली तांबडे शर्ट, बस्स, एकदा बघाच. क्लब १८९१ चा. रिआल माद्रिदपर्यंत गेलेला टॉमस ग्रेवेसन याच गावचा.

पण मला जास्त आवडतं ते मोठ्या मैदानापेक्षा लेकीच्या क्लबचं मैदान. इथं प्रत्येक गावात, वाडीत क्लब. सगळा कारभार सभासदांच्या वर्गणीवर आणि पालकांच्या फुकटच्या कामावर चालतो. कुणी कॉफी विकतं, कुणी सॉसेज भाजतं, कुणी मैदानावर चुन्याच्या रेघा मारतं. प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी बाबा किंवा आई. हे बघून मला पहिल्यांदा वाटलं, अरे, ही तर तालीमच! आमच्याकडंही पेठेतली पोरं वर्गणी काढतात, कुणी शर्ट शिवून देतं, कुणी सामन्याआधी केळी आणि अंडी. फरक एवढाच की लहान पोरांच्या सामन्यांत इथं गुणतक्ता नसतो. कोण जिंकलं ते पोरांना माहीत असतं, मोठ्यांनी लिहायचं नाही. हे मात्र माझ्या कोल्हापुरी रक्ताला अजून पचत नाही. मी खिशातल्या कागदावर गुपचूप लिहून ठेवतो. पलीकडच्या बाकावर आजोबाही लिहीत असतात, असा मला दाट संशय आहे.

लेकीला सिमोनसनमध्ये रस नाही. तिच्या शर्टावर पर्निला हार्डरचं नाव आहे. हार्डर जवळच्याच ईकास्टची. मी तिला रोमचा गोल दाखवला, तर म्हणाली, "बाबा, हे काळं-पांढरं आहे का?" रंगीत होता, फक्त जुना होता.

गेल्या महिन्यात शर्ट धुवायची पाळी आमच्याकडं आली. इथं सामन्यानंतर अख्ख्या संघाचे कपडे एका मोठ्या पिशवीत भरतात आणि दर आठवड्याला एक घर ते धुऊन आणतं. बायको कामानिमित्त गावाला गेली होती. मी पिशवी उघडली, बारा तांबडे शर्ट, बारा पांढऱ्या चड्ड्या, मोजे. सगळं एकदम मशीनमध्ये टाकलं, साठ अंशांवर लावलं आणि आईला फोन केला.

आई विचारत होती, "मग यायचं काही ठरलं का तुमचं?" हा प्रश्न ती हल्ली गावाच्या नावाइतकाच नेमानं विचारते. मी तिला सिमोनसनची गोष्ट सांगायला लागलो. ग्लाडबाख तिनं हसून सोडून दिलं, मॅराडोना मात्र ओळखीचा निघाला, आमच्या गल्लीत त्याचं चित्र होतं भिंतीवर. चार्लटनपाशी ती म्हणाली, "पगार कमी असंल की मग." परत आला त्या भागापर्यंत आलो तेव्हा मशीननं शिट्टी दिली.

झाकण उघडलं. बाराच्या बारा चड्ड्या गुलाबी.

"काय झालं रे?" आई.

"तांबडा पांढऱ्यात उतरला."

पलीकडून काही क्षण शांतता. मग आई म्हणाली, "आधी तांबडा वाढला असशील. पांढरा वायला ठेवायचा असतो."

शनिवारी पोरी गुलाबी चड्ड्या घालून उतरल्या. प्रशिक्षक बाईंनी माझ्याकडं बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, दरवर्षी एका बाबाकडून होतंच, यंदा लवकर झालं. ४-२. म्हणजे कुणी लिहिलेलं नाही, पण ४-२.